जेठांचा पासवर्ड

बदलीचं पान उघडलं नाही, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. सरकारी शाळेत शिकवणाऱ्या बाईला संकेतस्थळ न उघडण्याचं नवल उरलेलं नसतं. मुलांची हजेरी, पोषण आहाराचे आकडे, आधारची जुळणी, कुठल्या कुठल्या प्रशिक्षणांच्या लिंका, सगळं आम्ही गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत केलेलं आहे. त्यातून एक रीतच पडून गेली आहे. पान उघडलं नाही की शिक्षकांच्या ग्रुपवर विचारायचं, 'साइट स्लो आहे का?' लगेच उत्तरं येतात. 'इकडेही स्लो.' 'सर्व्हर डाउन.' 'पहाटे करा, पहाटे चालते.' मग सगळ्या जणी निश्चिंत होतात आणि पहाटेचा गजर लावतात. आपल्या घरात काही बिघडलं असेल असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. बिघाड नेहमी तिकडचाच असतो, ही आमची पक्की समजूत.

त्या गुरुवारी मीही तेच समजले.

बदली मला हवी होती. हवी होती म्हणजे घरात एखादी वस्तू हवी असते तशी नाही. माझी शाळा सातपुड्याच्या पायथ्याला, शिरपूरच्याही पुढे. देवपुरातल्या घरून निघायचं, हायवेने शिरपूरपर्यंत एसटी, तिथून जीप, जीप सोडेल तिथून पायी. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली की माणसं मागे लोंबकळतात. रस्ता असा की माझ्या कमरेतली चकती एका पावसाळ्यात सरकली ती सरकलीच. डॉक्टर म्हणाले, हा प्रवास थांबवा. मी म्हटलं, तुम्ही तसं लिहून दिल्याने थांबत नाही. तो थांबायचा एकच मार्ग होता. आमच्याकडे अशा शाळांना अवघड क्षेत्र म्हणतात. तिथे ठरलेली वर्षं काढली की बाहेरची शाळा मागायचा हक्क मिळतो. माझी वर्षं भरली होती. पोर्टलवर पसंतीच्या शाळा क्रमाने भरायच्या, एवढंच काम. भरल्या नाहीत तर आहे तिथेच राहायचं, पुढची बदली निघेपर्यंत. आणि ती कधी निघते ते कोणालाच माहीत नसतं.

माझी पहिली पसंती ठरलेली होती. देवपुराच्या बाहेर, स्कूटीने जाऊन यायची शाळा. तिथल्या एक बाई निवृत्त होणार होत्या. मी एका रविवारी जाऊन ती शाळा बाहेरून बघूनही आले होते. पत्र्याची नाही, स्लॅबची. रस्ता डांबरी, थेट फाटकापर्यंत.

आता आमच्या घरच्या कॉम्प्युटरबद्दल. तो घेतला मुलासाठी, तो अकरावीला गेला तेव्हा. मुलगा आता पुण्यात नोकरी करतो, कॉम्प्युटर इथेच आहे. घेतला त्याच आठवड्यात माझे जेठ जळगावहून आले आणि त्यात सुरक्षेचं सॉफ्टवेअर टाकून गेले. मुलगा गेम खेळत बसेल, नको ते बघेल, बाहेरून व्हायरस येतील, अशी तीन कारणं. जेठ म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, माझा मुलगा तेवढा मोठे बाबा. एका कार्यालयात कारकून होते, निवृत्तीच्या आधी त्यांनी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला आणि तेव्हापासून भाऊबंदांत कॉम्प्युटरमधला शेवटचा शब्द त्यांचा. सॉफ्टवेअरचं पॅकेज तीन कॉम्प्युटरचं मिळतं, म्हणून ते एकच घेतात: एक त्यांचा, एक त्यांच्या मुलीचा, एक आमचा. दर दिवाळीच्या आधी नूतनीकरण तेच करतात. पासवर्डही त्यांच्याकडेच. आम्ही कधी मागितला नाही, त्यांनी कधी दिला नाही. मुलगा घर सोडून गेला तरी त्याच्यावरचा पहारा तसाच चालू राहिला. तो आता माझ्यावर होता, एवढाच फरक.

हा पहारेकरी कशालाही अडवायचा. एकदा लोणच्याची कृती बघायला गेले तर अडवलं. एकदा हवामान. कोपऱ्यात एक छोटी लाल चौकट यायची, तिच्यात बारीक अक्षरं. पहिल्या वर्षी मी ती वाचायचे. नंतर माशी हाकलावी तशी फुलीवर दाबून घालवायला लागले. घरातले सगळेच तसं करतात.

गुरुवारी पहाटे पान कोरं, चक्र फिरतंय, लाल चौकट आली, मी फुली दाबली. ग्रुपवर विचारलं. 'स्लो आहे मॅडम.' शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. पोर्टल रविवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होतं, पण मला काळजी नव्हती. मुदत वाढते, आमच्याकडे ती नेहमीच वाढते. शाळेत नेटवर्क नाही, तेव्हा दिवसा करण्यासारखं काही नव्हतंच. जीपमध्ये बसून मी शाळांचा क्रम मनात लावत होते.

रविवारी जेवणं झाली, भांडी विसळत होते, तेवढ्यात माझ्याच शाळेतल्या दुसऱ्या बाईंचा फोन आला. त्या शिरपूरला राहतात. त्यांचीही वर्षं भरलेली.

"मॅडम, झालं का तुमचं?"

"उघडेल तर होईल ना. तीन दिवस पहाटे उठतेय."

"अहो, काय सांगता? माझं काल दुपारीच झालं. फटकन उघडलं. सगळ्यांचं होतंय आता."

"मुदत वाढणार ना?"

"नाही म्हणताहेत या वेळी. उद्या यादीचं काम सुरू. बघा लवकर."

मी हात पुसले आणि मोबाइलवर ते पान उघडलं. उघडलं. लगेच. म्हणजे पोर्टल तीन दिवस जिवंत होतं. पण मोबाइलवर शाळांची यादी अशी पसरायची की जतन करायचं बटण तिच्याखाली दबून जायचं. सूचनेत लिहिलंच होतं की कॉम्प्युटरवरूनच भरा. कॉम्प्युटर लावला. चक्र, कोरं पान, लाल चौकट. या वेळी मी चौकट वाचली. 'हे संकेतस्थळ असुरक्षित असल्याने तुमच्या संरक्षणासाठी रोखण्यात आले आहे.' खाली परवानगी देण्याचं बटण. त्यावर दाबलं तर पासवर्ड.

पुण्याला मुलाला फोन लावला.

"आई, उडवून टाक ना ते सॉफ्टवेअर."

"उडवायलाही पासवर्ड मागतंय."

"मग मोठ्या बाबांना विचार."

"मी कशी विचारू?"

तो हसला. "पप्पांना सांग मग." हसण्यासारखं त्याला दिसलं, कारण तो त्यातून सुटलेला आहे.

मी कशी विचारू, याचा अर्थ बाहेरच्या माणसाला सांगावा लागेल. आमच्या घरात सून जेठाशी बोलत नाही. लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी सासूबाईंनी सांगितलं होतं: त्यांच्यासमोर बसायचं नाही, डोक्यावरून पदर, आणि तोंडाला तोंड द्यायचं नाही. पदर पुढे सुटला. साडी सुटली, पंजाबी ड्रेस आला, स्कूटी आली. बोलणं मात्र आलं नाही. भांडण नाही, राग नाही, नुसतं बोलणं नाही. ते जेवायला बसले की भिंतीकडे बघून अहिराणीत म्हणतात, "भाजीम्हा तिखट जास्तच शे आज." मी मुलाला म्हणायचे, "सांग रे मोठ्या बाबांना, दही आहे." दह्याची वाटी तिसऱ्याच हाताने त्यांच्यापुढे जायची. मुलगा पुण्याला गेल्यापासून हा निरोप्या नवरा झाला. तो देवपुरातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, पोरांना अर्थशास्त्र समजावतो, आणि एकाच खोलीतल्या दोन मोठ्या माणसांचे निरोप इकडून तिकडे पोचवतो. त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही.

नवरा झोपला होता. उठवला. त्याचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता आणि त्याचा स्पीकर फाटलेला, म्हणून माझ्या फोनवरून लावला. नाना फैजपूरला एका लग्नात होते. मागे बँड, कोणी तरी माइकवरून पाहुण्यांची नावं घेतंय. नवऱ्याने काय झालं ते सांगितलं. दोघे भाऊ आपसात अहिराणीच बोलतात.

"तिले सांग," नाना ओरडले, "खाले उजवा हातले ढालनं चित्र शे, तिनावर दाब."

फोन स्पीकरवर. टेबलावर. माझ्या कोपराजवळ.

"अगं, ढालीवर दाब," नवरा म्हणाला.

"दाबलं."

"दाबं तिनी, नाना."

"आते काय इचारस?"

"काय विचारतंय?"

"पासवर्ड."

"पासवर्ड इचारस, नाना."

नानांनी पासवर्ड सांगितला. नवऱ्याने मला सांगितला. मी टाकला. चुकीचा. नाना म्हणाले, तिने नीट टाकला नसेल. नवरा म्हणाला, नीट टाक. पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. मग नानांना आठवलं की गेल्या दिवाळीला तो बदलला होता. नवा सांगितला, बँडच्या आवाजातून, नवऱ्याच्या तोंडून. तोही चुकला. तीनदा चुकल्यावर त्या पहारेकऱ्याने मोठी चौकट आणली आणि सगळंच इंटरनेट बंद करून टाकलं. आता लोणच्याची कृतीही नाही.

"बंद पडी गयं बठ्ठं, नाना."

"तिले सांग, आते काहीच हात नको लावू. काढी टाकशी तर बठ्ठा व्हायरस घुसतीन. मी सांजले घर जास ना, मंग देखस."

नवरा माझ्याकडे वळला. "नाना म्हणताहेत, संध्याकाळी घरी गेल्यावर बघतो."

"ऐकलं मी. पाचला बंद होतंय."

"नाना, ती म्हणते पाचला—"

मी फोन उचलला. स्पीकर बंद केला, कानाला लावला.

"नाना, मी बोलतेय. माझ्या बदलीचं काम आहे. पाचला बंद होईल. तुमच्या घरी कोणाला विचारून बघता का, पासवर्ड काय ठेवलाय?"

पलीकडे फक्त बँड. सनई नाही, ढोल नाही, तो ऑर्गनचा आवाज असतो ना, तो.  मग नाना बोलले, अगदी हळू, जणू कोणी पाहुणा ऐकत असेल.

"फोन त्याले दे."

एवढंच. मला उद्देशूनसुद्धा नाही. माझ्या कानात, पण हवेला. मला राग यायला वेळ नव्हता. फोन नवऱ्याच्या हातात ठेवला, स्कूटीची किल्ली घेतली आणि निघाले.

रविवारी दुपारी देवपुरातली ऑनलाइन सेंटरं बंद. ज्या झेरॉक्सवाल्याकडे पोरांचे फॉर्म भरतात, त्याचं शटर खाली. शेजारचा पानवाला म्हणाला, "गावात बघा मॅडम, पुलापलीकडे एखादं उघडं असेल." पांझरा नदीच्या पुलावर आठवड्याच्या सुट्टीची गर्दी. पलीकडे दोन गल्ल्या फिरून एक सेंटर सापडलं. आत तीन शिक्षिका आधीच बसलेल्या, त्यातल्या एकीला मी प्रशिक्षणातून ओळखत होते. मला बघून ती उठली. "बसा मॅडम, माझं झालंच. नुसतं प्रिंट काढायचंय."

तो कॉम्प्युटर कळकट होता. बटणांमध्ये तंबाखूची भुकटी. कुठली ढाल नाही, कुठली लाल चौकट नाही, कोणी केव्हाही यावं आणि काहीही उघडावं असा. पत्ता टाकला आणि पान इतकं चटकन उघडलं की मला तो माझाच अपमान वाटला. माझा नोंदणीचा मोबाइल नंबर टाकला. खाली ओळ आली: 'आपल्या मोबाइलवर ओटीपी पाठवण्यात आला आहे.'

मी पर्समध्ये हात घातला.

फोन घरी होता. नवऱ्याच्या हातात. नानांशी बोलत.

त्या ओळखीच्या बाईंच्या फोनवरून माझा नंबर लावला. दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे. पुन्हा लावला. व्यस्त. नवऱ्याच्या फोनवर लावला तर घंटी वाजत राहिली. तो आत चार्जिंगला. सेंटरवाल्याच्या फोनवरूनही लावून पाहिलं. नवरा अनोळखी नंबर उचलत नाही, ही सवय मीच त्याला लावली होती, फसवणुकीच्या बातम्या वाचून. ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला. तोही तिकडेच गेला. तिघी बायका माझ्याकडे बघत होत्या.

"घरी जाऊन घेऊन या मॅडम, मी खुर्ची धरून ठेवते," ती ओळखीची म्हणाली.

गेले. पुलावरून परत. घरात शिरले तर नवरा खुर्चीत पुढे झुकलेला, चेहऱ्यावर आनंद.

"आठवला! नानांनी लग्नातून दुसऱ्याच्या फोनवरून जळगावला विचारून शोधून काढला पासवर्ड. बघ, उघडला कॉम्प्युटर." आणि फोनमध्ये म्हणाला, "नाना, उनी ती."

मी फोन बघितला. त्यावर ओटीपींची रांग, एकाखाली एक, सगळे मेलेले. घड्याळ बघितलं. परत पुलापलीकडे जायला वेळ नव्हता. कॉम्प्युटर खरंच उघडला होता. मी पत्ता टाकला, पान आलं, चक्र नाही, चौकट नाही. नंबर टाकला, ओटीपी आला, आत गेले. जिल्हा निवडला. तालुका निवडला. शाळांची यादी उघडली, तिच्यात माझी स्लॅबची शाळा दिसली, तिच्यावर टिचकी मारली आणि जतन करा म्हटलं.

'पसंतीक्रम भरण्याची मुदत संपली आहे.'

मुदत पाळण्यात ते पोर्टल एवढं चोख निघेल, असं कोणाला वाटलं असतं.

"आता काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"नाना म्हणताहेत, अर्ज देऊन बघ. तांत्रिक अडचण म्हणून."

"नानांना सांगा, उद्या माझी साडेपाचची गाडी आहे."

त्याने तसं सांगितलंही. शब्दाला शब्द.

अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं की त्या काळात पोर्टल सुरळीत चालू होतं. खरंच होतं. यादी लागली. शिरपूरच्या बाईंना शिरपूरजवळची शाळा मिळाली. देवपुराबाहेरची ती शाळा माझ्याहून कितीतरी नंतर लागलेल्या एकीला गेली. तिचा फोन आला, तिकडे जायचा जवळचा रस्ता कुठला म्हणून. मला माहीत होता. सांगितला.

नाना दिवाळीला आले. भिंतीकडे बघून म्हणाले, सॉफ्टवेअर चांगलं शे, काय काय अडवस ते. मी म्हटलं, "नाना, ते काढून टाकलंय मी. आमचं एक तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या." तोंडाला तोंड देऊन. ते नवऱ्याकडे बघत राहिले, तो सांगेल म्हणून. नवऱ्याला या वेळी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नानांनी लाडू संपवला. अजूनही मी बोलते, ते उत्तर देत नाहीत. मला उत्तर नकोच आहे.

शाळेत शिरपूरच्या बाईंच्या जागी नव्या बाई यायला वेळ लागला, तोवर दोन्ही वर्ग मीच धरले. मग केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांमधल्या, शिक्षकांची मासिक बैठक आमच्याच शाळेत ठरली. शिक्षण खात्याचे साहेब आले. पाणी, चहा, प्रास्ताविक. बोलता बोलता साहेब माझ्याकडे वळले.

"आता या मॅडमचं उदाहरण घ्या. हक्क होता. वर्षं भरलेली. मनात आणलं असतं तर शहराजवळ गेल्या असत्या. पण यांनी एकही पसंती भरली नाही. का? तर ही मुलं. याला म्हणतात निष्ठा."

टाळ्या झाल्या. मी उठले.

"साहेब, तसं नाही. मला भरायच्या होत्या. आमचा कॉम्प्युटर उघडला नाही."

सगळे हसले. साहेबही हसले. "बघा, मोठेपणासुद्धा घेत नाहीत," असं म्हणून त्यांनी मला पुढे बोलावलं. शाल घातली, हातात नारळ दिला, मुलांनी फोटोला टाळ्या वाजवल्या. त्यात पुन्हा चहा झाला, आणि माझी नेहमीची जीप निघून गेली.

पुढची भरेपर्यंत फाट्यावर उभी राहिले. कमरेत कळ होती. शाल पिशवीत कोंबली, नारळ काही पिशवीत मावेना, तो हातातच धरला. जीपवाल्याने मला पुढच्या सीटवर बसवलं, रोजची म्हणून. गाडी सुरू करता करता त्याने नारळाकडे पाहिलं.

"मॅडम, नारळ कसाना शे?"

"सत्काराचा."

"रिटायर व्हयनात का?"

"नाही," मी म्हटलं. "इथेच आहे."

"मंग चांगलं शे," तो म्हणाला आणि मागच्या माणसांना आणखी आत सरकायला सांगितलं.